नाकाची साक्ष

हडपसरच्या तुळजाई कॉलनीत बद्रीनाथ कामठे यांच्या नाकाला जेवढा मान होता, तेवढा तिथल्या कुठल्याही पुढाऱ्याला नव्हता. चौतीस वर्षं त्यांनी एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली होती. हुद्दा साधा, प्रयोगशाळा परिचर. पण एखाद्या बाटलीवरचं लेबल गळून पडलं की भलेभले प्राध्यापक ती बाटली घेऊन त्यांच्याकडेच यायचे. कामठे बूच जरासं सैल करायचे, हाताने वारा नाकाकडे घ्यायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि आतल्या पदार्थाचं नाव सांगून मोकळे व्हायचे.

निवृत्तीनंतर हे कसब कॉलनीच्या कामी आलं. कुणाचा सिलिंडर गळतोय, कुणाच्या पिठाला कुबट वास येतोय, कुणाच्या टाकीत पाल मेली आहे, सगळ्याचा निकाल कामठेकाकांच्या अंगणात लागायचा.

कॉलनीला फक्त एक गोष्ट ठाऊक नव्हती. करोनात काका आठ दिवस तापाने पडून होते. ते उठले, त्यांचं नाक मात्र उठलं नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. त्याला तीन वर्षं झाली. आता काकांना ना मोगरा कळायचा, ना लसणाची फोडणी. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. आधी वाटलं, महिन्याभरात येईलच, मग कशाला बोभाटा करायचा. नंतर वाटलं, इतके दिवस लपवलं, आता कोणत्या तोंडाने सांगायचं. आणि माणसं तर येतच राहिली. कुणी वाटीत तूप घेऊन आलं की काका त्याचा रंग बघायचे, बोटावर चोळायचे, आणणाऱ्याच्या चेहऱ्याकडे एक नजर टाकायचे आणि काहीतरी सांगायचे. दहात आठ वेळा बरोबर यायचं. विचारायला येणाऱ्याच्या चेहऱ्यावर उत्तर आधीच लिहिलेलं असतं, हे त्यांनी तोंडी परीक्षांमध्ये पुष्कळदा पाहिलं होतं.

यंदाच्या जानेवारीत कॉलनीमागच्या ओढ्याला वास यायला लागला. ओढ्याचं पाणी तसं कधीच पिण्यासारखं नव्हतं, पण हा वास वेगळा होता. ओढ्याच्या पलीकडे लहान कारखान्यांची एक वसाहत होती. कुणी जाळ्या बनवायचं, कुणी कपाटं, कुणी प्लास्टिकच्या बादल्या. वास यायचा तो मंगळवारी आणि शुक्रवारी. दुपारी चारच्या सुमाराला सुरू व्हायचा आणि दिवेलागणीपर्यंत मुक्काम ठोकायचा. डोळे चुरचुरायचे, डोकं धरायचं. खालच्या अंगाला ओढ्यालगत पंचवीस-तीस पत्र्याची घरं होती, तिथल्या लहान मुलांना उलट्या व्हायला लागल्या.

तेव्हा कांताबाई रणपिसे मैदानात उतरल्या. कांताबाई म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त मेट्रन. त्यांनी आयुष्यभर अख्खे वॉर्ड नुसत्या नजरेने गप्प बसवले होते, त्यामुळे कॉलनीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे न मागता चालत आलं होतं. एका शुक्रवारी, वास ऐन भरात असताना, त्या सहा-सात जणांना घेऊन काकांच्या अंगणात आल्या आणि म्हणाल्या की तक्रार लिहायची आहे, पण कशाची ते कळल्याशिवाय लिहायची कशी. काकांनी वास घ्यावा आणि सांगावं.

काका उठून कुंपणापाशी गेले. ओढ्याकडे तोंड करून त्यांनी छाती भरून श्वास घेतला. वारा गार होता. यापलीकडे त्यांना काहीही कळलं नाही. मागे सात माणसं श्वास रोखून उभी होती. काही हौसेने, काही नाइलाजाने.

काकांनी नेहमीचा डाव टाकला. तुम्हाला कसा वाटतो, असं त्यांनीच विचारलं. मग काय, प्रत्येकाला बोलायचं होतं. एकाला टायर जळल्यासारखा वाटत होता, दुसऱ्याला उंदीर मेल्यासारखा. कांताबाईंची सून चैताली एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरून करायची, ती म्हणाली की तिला तर पाणीपुरीच्या पाण्यासारखा वाटतो. त्यावर सगळे हसले. काकाही हसले. शेवटी कांताबाई म्हणाल्या, घराला ऑइलपेंट लावल्यावर कसं डोकं धरतं, तसं धरतंय.

काकांनी ते वाक्य झेललं. ओढ्यापलीकडे कपाटांना रंग मारण्याच्या कारखान्याची पाटी त्यांना कुंपणापासून दिसत होती.

"थिनर," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत कॉलनीच्या ग्रुपवर ही बातमी तीनदा फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस माणसं त्या कारखान्यावर जाऊन धडकली. काकांना सर्वांत पुढे ठेवलं होतं.

कारखाना सलिल नावाच्या चाळिशीच्या माणसाचा होता. काटकुळा, चष्मा लावलेला, बोलणं मोजकं. त्याने सगळ्यांना आत नेऊन दाखवलं. रंगाच्या खोलीला हवा गाळणारं यंत्र बसवलेलं होतं, थिनरचे डबे कुलपात होते. वर त्याने सांगितलं की रंगाचं काम सकाळीच उरकतं, दुपारी चारला इथे फक्त सुकवणं चालतं. कांताबाईंना ते पटलं नाही. आमच्या माणसाने वास ओळखला आहे, असं त्यांनी ठणकावलं.

सलिल काकांकडे वळला. "तुम्ही ओळखलात? माझ्याकडे दोघे जण वीस वर्षं थिनरमध्ये काम करतायत. त्यांना हा वास थिनरचा वाटत नाही."

काका म्हणाले, "मी चौतीस वर्षं प्रयोगशाळेत होतो."

हे वाक्य नंतर कितीतरी दिवस त्यांना टोचत राहिलं.

भांडण वाढू नये म्हणून वसाहतीच्या संघाने सलिलला चौकशी होईपर्यंत काम थांबवायला सांगितलं. त्याची आठ माणसं घरी बसली. कॉलनीत पेढे वाटायचंच तेवढं बाकी राहिलं. आणि मंगळवारी, ठरल्या वेळी, चार वाजता वास आला. शुक्रवारी पुन्हा आला. कांताबाई म्हणाल्या, हा माणूस चोरून रंग मारतोय. दोघे जण पाळत ठेवायला गेले, तर कारखान्याला कुलूप आणि कुलपाशेजारी झोपलेलं कुत्रं. काकांचं जेवण कमी झालं. सकाळी फिरायला जाताना ते ओढ्यावरच्या पुलाकडचा रस्ता टाळू लागले, कारण त्या रस्त्यावर सलिलचं बंद शटर दिसायचं.

असे दोन आठवडे गेले. शनिवारी सकाळी काका पेपर वाचत होते आणि त्यांच्या पत्नी मुक्ताबाई देवघरासमोर बसून चांदीचं निरांजन दंतमंजनाने घासत होत्या. घासता घासता त्या म्हणाल्या की यंदा चांदीला काय झालंय कळत नाही. एरवी महिनाभर चमकणारं निरांजन हल्ली आठवड्यात काळं पडतं. परवाच घासलं होतं, आणि कालचा एक दिवस मध्ये गेला तर हे बघा.

काल शुक्रवार होता.

काकांनी पेपर ठेवला आणि निरांजन हातात घेतलं. अर्धं उजळलं होतं, अर्धं काळपट तपकिरी होतं. कॉलेजात दर वर्षी एक महिना मुलांची परीक्षणाची प्रॅक्टिकल्स चालायची. कोपऱ्यातल्या काचेच्या उपकरणातून गंधकाचा वायू सोडायचे, आणि त्या महिन्यात प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाची चांदीची अंगठी अशीच काळी पडायची. थिनरने चांदी काळी पडत नाही. जन्मात पडत नाही. काळी पडते ती गंधकाच्या वायूने. आणि पाणीपुरीच्या पाण्यात काळं मीठ असतं, त्या काळ्या मिठाला जो वास असतो तोही गंधकाचाच. चैतालीने अंगणात उभं राहून उत्तर सांगितलं होतं आणि सगळे हसले होते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढलेला माणूसही त्यांच्यात हसत होता.

काका तिथेच पाटावर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "मुक्ता, मला वास येत नाही. करोनापासून."

मुक्ताबाई एव्हाना देवघरातली घंटा घासत होत्या, त्यांचा हात थांबला नाही. "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"दोन वर्षं तरी झाली असतील. एकदा नासक्या दुधाचा चहा चुकून तुमच्यापुढे ठेवला होता. तुम्ही संपवलात आणि छान झालाय म्हणालात. त्याआधी तीस वर्षांत एकदाही म्हणाला नव्हता."

काकांना हसू आलं आणि लाजही वाटली. "मग बोलली का नाहीस?"

"अहो, तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल म्हटलं. तोवर गॅसचं बटण मी बघत होते."

काकांनी निरांजन परत दिलं. मग त्यांनी सलिलचं सगळं सांगितलं. मुक्ताबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की माफी मागायला लगेच जाता येईल, पण नुसती माफी नेली तर त्याचं शटर उघडणार नाही. वास कुठून येतो ते घेऊन जा.

सोमवारी काका बसने कॉलेजात गेले. त्यांच्या जागेवर आता तेजस नावाचा तरुण होता, त्याने चहा पाजला आणि लेड ॲसिटेटची छोटी बाटली दिली. त्या द्रावणात बुडवलेला कागद एरवी पांढराच राहतो, पण गंधकाचा वायू लागला की काळा पडतो. त्याला नाक लागत नाही आणि समोरच्याचा चेहराही वाचावा लागत नाही. त्या संध्याकाळी काकांनी हातमोजे घालून गाळणकागदाच्या चाळीस पट्ट्या तयार केल्या. स्वतःच्या हाताने काहीतरी नीट केल्याचं समाधान त्यांना कितीतरी दिवसांनी मिळत होतं.

मंगळवारी तीनला ते निघाले तेव्हा मुक्ताबाई चपला घालून दारात उभ्या होत्या. काकांनी त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. त्यांनी विचारलं की हा वायू अंगावर आला तर तुम्हाला कळणार कसा. उलट काकांनाच एक गोष्ट सांगणं भाग पडलं. हा वायू फार वाढला की आधी माणसाचं नाक मारतो. म्हणजे वास जोरात येत असताना एकदम नाहीसा झाला, तर बरं झालं म्हणायचं नाही, पळायचं.

"ठीक आहे," मुक्ताबाई म्हणाल्या. "तुम्ही कागद बघा, वास मी बघते."

ओढ्याच्या काठाने त्यांनी पट्ट्या ओल्या करून, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी झुडपांना आणि तारेला लावल्या. प्रत्येकीवर पेन्सिलीने आकडा. येणारे-जाणारे बघत होते. एका बाईंनी कुठल्या देवाचा नवस म्हणून विचारलं, तर मुक्ताबाईंनी गंभीरपणे सांगितलं की महानगरपालिकेचा. साडेचारला दोघे परत फिरून बघू लागले. कॉलनीमागच्या पट्ट्या तपकिरी झाल्या होत्या. वर जावं तसा रंग गडद होत गेला. पुलाखालची पट्टी काळी कुळकुळीत होती. आणि पुलाच्या वरच्या अंगाच्या सगळ्या पट्ट्या पांढऱ्या स्वच्छ. पुलाला लागूनच एका उंच भिंतीच्या बुडातून एक पाइप ओढ्यात उतरला होता. त्यातून पिवळसर पाणी ठिबकत होतं. मुक्ताबाईंनी पदर नाकाला लावला आणि काकांचा दंड धरून त्यांना मागे ओढलं.

त्या भिंतीला पुढून एक पत्र्याचं फाटक होतं, सताड उघडं. आत निळी आणि काळी पिंपं रचून ठेवलेली होती. कारखान्यांतून रिकामी झालेली रसायनांची पिंपं इथे धुऊन पुन्हा विकली जायची. पाटी नव्हती, मालकही नव्हता. बनियन आणि स्लिपर घातलेला एक माणूस एकटाच पाइपने पिंपं धूत होता. त्याचे डोळे लाल झाले होते. नाव संभाजी, गाव वाशीमकडचं.

काकांनी दारातूनच त्याला बाहेर बोलावलं. तो आला. बोलायला कुणीतरी मिळालं याचंच त्याला अप्रूप वाटलं. त्याने सगळं सांगितलं. मंगळवारी आणि शुक्रवारी टेम्पो येतो. काही पिंपांच्या तळाला पिवळे पापुद्रे असतात, ते कापड रंगवण्याच्या आणि चामड्याच्या कारखान्यांतले. काहींच्या तळाशी ॲसिड उरलेलं असतं. सगळी एकाच गटारावर धुवायची आणि पाणी मागे सोडून द्यायचं. काकांना पुढचं सांगायची गरज नव्हती. ते गंधकाच्या क्षाराचे पिवळे पापुद्रे आणि ॲसिड गटारात भेटत होते, आणि दोघांच्या भेटीतून तो वायू निघत होता. कॉलेजातल्या काचेच्या उपकरणात जे चमचाभर व्हायचं, ते इथे पिंपांनी होत होतं.

त्यांनी विचारलं, इतका वास सहन कसा करतोस.

"पयल्या आठवड्यात लय येत होता, काका," संभाजी म्हणाला. "आता काईच नाई येत. सवय झाली मले."

"ती सवय नाही," काका म्हणाले. "मलाही वास येत नाही, तीन वर्षं झाली. पण मी अंगणात बसतो. तू या पिंपांत वाकतोस." मग त्यांनी त्याला नीट समजावलं की ही दोन प्रकारची पिंपं एकत्र धुतली तर एखाद्या दिवशी तो इथेच पडेल आणि कुणाला कळणारही नाही. संभाजीने पाइप बंद केला. मालकाला काय सांगू, एवढंच त्याने विचारलं. मुक्ताबाई म्हणाल्या, चक्कर आली म्हणून सांग, आणि खोटं वाटत असेल तर आरशात डोळे बघ.

रविवारी कांताबाईंच्या गच्चीवर सभा भरली. काकांनी पट्ट्या ओळीने टेबलावर मांडल्या, सगळं सांगितलं, आणि मग जे सांगायला त्यांना सर्वांत जड जात होतं तेही सांगून टाकलं. मला वास येत नाही. थिनर मी अंदाजाने म्हणालो. त्या अंदाजापायी एका भल्या माणसाचं काम बंद पडलं.

कांताबाईंनी चष्मा पुसला.

"म्हणजे दिवाळीत माझं तूप चांगलं आहे म्हणालात, ते?"

"तुमचा चेहरा बघून."

"ते खवट होतं," कांताबाई म्हणाल्या. "मी लाडू केले. सगळ्यांनी खाल्ले."

पहिल्यांदा चैताली हसली, मग बाकीचे. हसू ओसरल्यावर कांताबाईंचा आवाज पुन्हा मेट्रनचा झाला. सलिलकडे भांडायला आपण चाळीस जण गेलो होतो, तेव्हा माफी मागायला एकट्या कामठ्यांना पाठवायचं नाही. चाळीसच्या चाळीस जायचं.

आणि खरोखर गेले. सलिल शटरपाशी उभा होता. त्याने काकांचं सगळं बोलणं मान खाली घालून ऐकलं, पट्ट्या एकेक करून उचलून पाहिल्या.

"चाळीस खुर्च्या नाहीत माझ्याकडे," तो म्हणाला. "उभ्यानेच मागा माफी."

मागितली. मग त्याने खिशातून पेन काढलं आणि तक्रारीच्या अर्जावर सर्वांत वर सही केली. त्याला पिंपं धुण्याच्या त्या शेडबद्दल शंका होतीच, पण आपण रंगवाले, आपलं कोण ऐकणार, म्हणून तो गप्प राहिला होता. हे सांगताना त्याचा आवाज थोडा कापला. काकांना वाटलं होतं की माफी मागितल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. त्या आवाजाने उलट जास्तच लागलं.

अर्जासोबत पट्ट्यांचे फोटो, तारखा आणि ओढ्याचा हाताने काढलेला नकाशा गेला. नकाशा चैतालीने संगणकावर सुबक करून दिला. दोन आठवड्यांनी, शुक्रवारी दुपारी चारला, प्रदूषण मंडळाची माणसं आली आणि त्यांनी पाण्याचे नमुने घेतले. शेडला कसलाच परवाना नव्हता. महिन्याभरात तिला सील लागलं आणि मालकाने सोडलेलं पाणी कुठे कुठे मुरलंय त्याची तपासणी सुरू झाली. सलिलचं शटर त्याच्या आधीच उघडलं होतं. ओढा काही निर्मळ झाला नाही. शहराचं सांडपाणी त्यातून वाहायचं ते वाहतच आहे. पण मंगळवार आणि शुक्रवार इतर वारांसारखे झाले, आणि पत्र्याच्या घरांतली मुलं जेवलेलं पोटात ठेवू लागली.

संभाजीचं काम गेलं. कांताबाई त्याला स्वतः दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं की वेळेवर बाहेर पडलास, आता धुराच्या आणि वाफेच्या कामाला जाऊ नकोस. सलिलने त्याला कपाटं पोचवणाऱ्या टेम्पोवर घेतलं. रंगाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, ही अट घातली, आणि ती पाळली जाते की नाही ते सलिल स्वतः डोळ्यांत तेल घालून बघतो.

मे महिन्यात चैतालीने कुठेतरी वाचलं की मेलेल्या नाकाला शिकवता येतं. रोज सकाळी तेच चार वास घ्यायचे, मन लावून, महिनोन्‌महिने. मुक्ताबाईंनी लोणच्याच्या चार रिकाम्या बरण्या धुतल्या आणि त्यांत लवंग, लिंबाची साल, निलगिरी आणि गुलाबपाणी भरलं. आता दर गुरुवारी सुटीच्या दिवशी संभाजी अंगणात येतो. दोघे डोळे मिटून बसतात आणि मुक्ताबाई बरण्या फिरवतात. इतर दिवशी काका एकटेच शिकाऊ.

गेल्या गुरुवारी तिसऱ्या बरणीपाशी संभाजी थांबला. त्याने पुन्हा नाक खुपसलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"काईतरी हाय," तो म्हणाला. "लांबून येते. थंड हाय, नाकात टोचते."

बरणी निलगिरीची होती. काकांनी ती घेतली आणि हुंगली. त्यांना काहीच आलं नाही. त्यांनी बरणी त्याला परत दिली, खुर्ची जरा त्याच्याकडे सरकवली आणि म्हणाले, "सावकाश घे. आणि कसा येतोय ते सगळं सांग मला. अजिबात घाई करू नकोस."

संभाजी सांगू लागला. मुक्ताबाई चहा टाकायला आत गेल्या.